ऑर्डर बुक फुगलेले, रोकड बिलांत अडकलेली

गुंतवणूक : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात दूरसंचार कंपन्यांच्या समभागांविषयी लिहिताना, या कंपन्यांसाठी प्रत्यक्ष चर खणणाऱ्या, खांबांवरून केबल ओढणाऱ्या आणि फायबरचे सांधे जोडणाऱ्या कंत्राटदार कंपन्यांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर बरीच पत्रे आली. बहुतेक पत्रांचा सूर एकच होता : जाळे कोणाचेही उभे राहो, ते उभारणाऱ्याला मजुरी मिळणारच, मग टेलिफोन कंपनीऐवजी तिच्या कंत्राटदाराचेच समभाग का घेऊ नयेत? मजुरी मिळते हे खरे आहे. ती केव्हा मिळते, हा मात्र पुढील बहुतेक उत्तरांचा विषय आहे. अमेरिकेतील नोंदणीकृत कंत्राटदार आपल्या अहवालांत ग्राहकनिहाय तपशील देतात, म्हणून उदाहरणे मुख्यतः तेथील घेतली आहेत. कोणताही समभाग घ्यावा किंवा विकावा अशी शिफारस या सदरात केली जात नाही.

प्रश्न : मी अभ्यासत असलेल्या कंपनीच्या ऑर्डर बुकमध्ये वार्षिक विक्रीच्या जवळपास दुप्पट रकमेची कामे दाखवली आहेत. पुढील दोन वर्षांची विक्री निश्चित झाली, असे समजावे का?

उत्तर : समजू नये. या धंद्यातील मोठा भाग दरकरारांवर चालतो. टेलिफोन किंवा केबल कंपनी एखाद्या विभागासाठी कंत्राटदाराशी काही वर्षांचा करार करते आणि त्यात कामाच्या प्रत्येक घटकाचा दर ठरवते : एक फूट चर खणण्याचा अमुक, एक फूट केबल खांबांवरून ओढण्याचा तमुक, फायबरच्या एका सांध्याचा वेगळा, रस्ता न फोडता त्याखालून आडवे छिद्र पाडण्याचा आणखी वेगळा. करारात दर असतात. काम किती मिळेल याची हमी बहुधा नसते. काम येते ते नंतर सुटणाऱ्या कार्यादेशांतून, आणि ते सोडायचे की थांबवायचे हे सर्वस्वी ग्राहकाच्या हाती असते. कंत्राटदार मात्र मागील अनुभवावरून करारकाळात साधारण किती काम मिळेल याचा अंदाज बांधतो आणि तो अंदाजही ऑर्डर बुकात धरतो.

यात लपवाछपवी नसते. फ्लोरिडात मुख्यालय असलेली डायकॉम इंडस्ट्रीज ही १९६९ साली स्थापन झालेली कंपनी आपल्या वार्षिक अहवालात स्पष्ट लिहिते की, असे करार ग्राहकाला ठरावीक प्रमाणात काम देण्यास बांधून ठेवत नाहीत आणि ऑर्डर बुकाचा आकडा हा अंदाज आहे. तरीही बाजार तो आकडा हातात पडलेल्या पैशासारखा वाचतो. २०१८ मध्ये याच कंपनीने मे आणि ऑगस्ट महिन्यांत, म्हणजे लागोपाठच्या दोन तिमाही निकालांच्या वेळी, वर्षाचा अंदाज खाली आणला आणि दोन्ही वेळा समभाग एका दिवसात कोसळला. ऑर्डर बुक तेव्हाही रोडावलेले नव्हते. ग्राहकांच्या मोठ्या कार्यक्रमांतील कामे अपेक्षेपेक्षा उशिरा सुटत होती, एवढेच. काम रद्द होणे आणि काम पुढे जाणे यांत ग्राहकाच्या दृष्टीने फारसा फरक नसेल, पण माणसे आणि यंत्रे आधीच तैनात करून बसलेल्या कंत्राटदाराच्या दृष्टीने तो पगाराचा प्रश्न असतो.

म्हणून एकूण आकड्यापेक्षा पुढील बारा महिन्यांत पूर्ण होईल असे दाखवलेले काम पाहावे, आणि मागील तीन-चार वर्षांचे अहवाल काढून, त्या-त्या वेळी बारा महिन्यांसाठी दाखवलेल्या कामाच्या तुलनेत प्रत्यक्ष विक्री किती झाली, हे कागदावर मांडावे. व्यवस्थापनाचा अंदाज किती विश्वासार्ह आहे याचे इतके स्वस्त मोजमाप दुसरे नाही. काही वर्षांपूर्वी एका कंत्राटदार कंपनीचे समभाग मी स्वतः ऑर्डर बुकाचा आकडा पाहूनच घेतले होते. तो आकडा केवळ अंदाज आहे असे सांगणारे अहवालातील कलम मी वाचले, ते समभाग निम्म्यावर आल्यानंतर.

प्रश्न : कंपनीचा नफा तीन वर्षे सतत वाढतो आहे, पण कामकाजातून येणारी रोकड दोन वर्षे उणे आहे. हिशेबात काही गडबड असेल का?

उत्तर : असू शकते, पण लगेच तसा निष्कर्ष काढू नये, कारण या धंद्याची घडणच अशी आहे की वाढ रोकड खाते.

एका कामाचा प्रवास पाहा. सोमवारी सकाळी चार जणांची तुकडी एका वस्तीत फायबर टाकण्यास जाते. त्याआधी जमिनीखालील गॅस, पाणी आणि वीज यांच्या वाहिन्या कोठून जातात याच्या रंगीत खुणा जमिनीवर करून घ्याव्या लागतात. त्या झाल्या नसतील तर तुकडी यंत्रासह बसून राहते आणि दिवसाचा पगार मात्र चालू राहतो. चर खणला, नळी टाकली, फायबर ओढली, सांधे जोडले, जमीन पूर्ववत केली. तुकडीला पगार आठवड्याच्या शेवटी मिळतो. यंत्राचे इंधन रोखीने भरले जाते. बिल मात्र तेव्हा निघत नाही. प्रत्यक्ष टाकलेल्या मार्गाचा नकाशा, सांध्यांची छायाचित्रे आणि प्रत्येक धाग्यातून प्रकाश किती क्षीण होतो हे दाखवणाऱ्या चाचणीचे निकाल ग्राहकाच्या प्रणालीत चढवावे लागतात. नकाशात ४१० फूट आणि मोजमापात ३९५ फूट असा फरक निघाला की कागद परत येतो. मोजमाप मान्य झाले की बिल लागते, आणि बिल लागल्यानंतर ग्राहकाची देय मुदत सुरू होते. काही करारांत बिलाचा काही भाग हमीकाळ संपेपर्यंत राखून ठेवला जातो तो वेगळाच.

हिशेबात मात्र काम झाले त्या महिन्यातच विक्री नोंदली जाते आणि नफाही. झालेले पण बिल न लागलेले काम ताळेबंदात स्वतंत्र ओळीत बसते, बिल लागलेले येण्यांत. या दोन्ही ओळी मिळून विक्रीच्या किती दिवसांइतकी रक्कम अडकली आहे, हा आकडा या धंद्याची नाडी समजावा. डायकॉमसारख्या सुस्थितीतील कंपनीतही अलीकडच्या वर्षांत तो शंभर दिवसांच्या पुढे राहिला आहे.

आता साधे गणित करू. एका कंपनीचे काम महिन्याला १०० चे आहे आणि साडेतीन महिन्यांचे पैसे बाहेर अडकलेले असतात, म्हणजे ३५०. काम वाढून महिन्याला १५० चे झाले की बाहेरची रक्कम ५२५ होते. हे वरचे १७५ कोठून यायचे? वर्षाची विक्री १८०० आणि निव्वळ नफा पाच टक्के धरला तर वर्षाचा नफा ९०. म्हणजे जवळपास दोन वर्षांचा नफा केवळ वाढीने गिळला. पोट-कंत्राटदारांची आणि पुरवठादारांची उधारी त्यातला काही भाग भरून काढते. बाकीचे बँकेकडून येते आणि त्यावर व्याज पडते.

हेच गणित उलटेही चालते, आणि नवख्याची फसगत तेथे अधिक होते. काम १५० वरून पुन्हा १०० वर आले की अडकलेले १७५ हळूहळू मोकळे होतात. धंदा आटत असतो आणि रोकड प्रवाहाचे पत्रक मात्र कधी नव्हे इतके गुबगुबीत दिसते. त्या एका वर्षाच्या रोकडीवर कंपनीची किंमत काढणारा माणूस विहीर उपसून झाल्यावर तिची क्षमता मोजत असतो.

मग खरी गडबड कशी ओळखावी? बिल लागलेली येणी आणि बिल न लागलेले काम या दोन ओळी वेगवेगळ्या पाहाव्यात. विक्री वाढताना दोन्ही साधारण बरोबरीने वाढत असतील तर ती वाढीची भूक आहे. विक्री स्थिर असताना बिल न लागलेले काम फुगत असेल, तर एक तर कागदपत्रांत ढिसाळपणा आहे, किंवा ग्राहक मोजमाप मान्य करत नाही, किंवा कंपनी ज्या रकमेवर अजून वाद चालू आहे ती विक्रीत धरत आहे. तिसऱ्या प्रकाराचा शेवट कोठे होतो हे ब्रिटनमधील कॅरिलियनने दाखवले. बांधकामापासून दूरसंचार जाळ्याच्या कामापर्यंत अनेक क्षेत्रांत असलेल्या या कंपनीने २०१६ या वर्षासाठी नफा दाखवला आणि लाभांशही दिला. जुलै २०१७ मध्ये कंत्राटांपोटी ८४.५ कोटी पौंडांची तरतूद करावी लागेल असे जाहीर केले. आणि १५ जानेवारी २०१८ रोजी ती अवसायनात गेली तेव्हा सुमारे ७०० कोटी पौंडांच्या देण्यांसमोर हाती जेमतेम २.९ कोटी पौंड रोकड होती. तिची बुडीत कंत्राटे मुख्यतः मोठ्या बांधकामांची होती, जाळ्याच्या कामांची नव्हेत. पण झालेल्या कामाचे मोल स्वतःच ठरवण्याची मुभा कंत्राटदाराला कोठवर नेऊ शकते, हे त्यातून दिसते. फूट मोजून पैसे मिळणाऱ्या दरकरारात ही मुभा कमी असते, ठोक रकमेच्या कंत्राटात जास्त. आपल्या कंपनीची किती विक्री कोणत्या प्रकारची आहे, हे अहवालात शोधावे.

प्रश्न : पाच ग्राहकांकडून निम्म्याहून अधिक विक्री येते, हे वाचून मी ही कंपनी बाद केली. माझे चुकले का?

उत्तर : केवळ या कारणाने बाद केली असेल, तर या क्षेत्रातील जवळपास सर्वच कंपन्या बाद होतील. देशभर जाळे असलेल्या टेलिफोन आणि केबल कंपन्याच मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात; डायकॉमच्या बाबतीतही पहिल्या पाच ग्राहकांचा वाटा निम्म्याहून अधिक राहत आला आहे. प्रश्न संख्येपेक्षा ते ग्राहक कोणाच्या पैशाने जाळे उभारत आहेत याचा आहे. स्वतःच्या धंद्यातील रोकडीतून उभारणारी कंपनी मंदीत काम कमी करते. कर्जावर उभारणारी कंपनी कर्ज मिळेनासे झाले की एका तिमाहीत थांबते, आणि वाईट वेळी झालेल्या कामाचे पैसेही बुडवते.

२००० च्या आसपास फायबरचे जे उधाण आले ते बव्हंशी कर्जाचे होते. जून २००२ मध्ये ॲडेल्फिया ही केबल कंपनी आणि जुलै २००२ मध्ये वर्ल्डकॉम ही दूरसंचार कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि त्यांच्यासाठी काम केलेले कंत्राटदार धनकोंच्या रांगेत उभे राहिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये विंडस्ट्रीम ही टेलिफोन कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हाही कंत्राटदारांच्या येण्यांना कात्री लागली. पण ही कथा एकेरी नाही. एप्रिल २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केलेली फ्रंटियर ही टेलिफोन कंपनी वर्षभराने कर्ज हलके करून बाहेर पडली आणि त्यानंतर तिने फायबर टाकण्याचा जो सपाटा लावला, त्यातून कंत्राटदारांना पूर्वीपेक्षा अधिक काम मिळाले. ज्याने काल बुडवले तोच उद्याचा मोठा ग्राहक, हे पचायला जड आहे, पण या धंद्यात घडते.

दिवाळखोरीहून शांत, आणि म्हणून नजरेतून सुटणारा धोका म्हणजे ग्राहकांचे विलीनीकरण. दोन कंपन्या एक होण्याचे ठरले की मंजुरी येईपर्यंत नवीन कामे सोडताना हात आखडता घेतला जातो, आणि एक झाल्यावर दोन दरकरारांपैकी स्वस्त दर सर्वांना लावण्याचा आग्रह सुरू होतो. आपण ग्राहकांची नावे पाहिलीत हे योग्यच केले; आता त्या पाचही ग्राहकांच्या भांडवली खर्चाचे पुढील वर्षाचे अंदाज त्यांच्याच निकालांतून काढून शेजारी मांडावेत. कंत्राटदाराचा अध्यक्ष आशावादी बोलणारच. ग्राहकाचा वित्तप्रमुख खर्च कमी करणार असे म्हणत असेल, तर विश्वास त्याच्यावर ठेवावा.

प्रश्न : सरकारने ग्रामीण ब्रॉडबँडसाठी प्रचंड निधी जाहीर केला की लगेच कंत्राटदारांचे समभाग घ्यावेत का?

उत्तर : घोषणा आणि पहिला चर यांत किती काळ जातो ते आधी पाहावे. अमेरिकेत नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने ब्रॉडबँडच्या ‘बीड’ (BEAD) या कार्यक्रमासाठी ४२.४५ अब्ज डॉलर ठेवले. कोणत्या राज्याला किती, हे जून २०२३ मध्ये ठरले. राज्यांनी आराखडे आणि बोलीप्रक्रिया उरकत आणली, तोवर जून २०२५ मध्ये केंद्रीय यंत्रणेने नियम बदलले, फायबरला दिलेले झुकते माप काढले आणि राज्यांना नव्याने बोली घेण्यास सांगितले. कायद्यापासून साडेतीन वर्षे उलटली होती, आणि आता काही वस्त्यांना फायबरऐवजी उपग्रहाची सेवा मिळणार होती, ज्यात चर खणणाऱ्याला काहीच काम नाही. घोषणेच्या दिवशी समभाग घेणाऱ्याने इतकी वर्षे कशाची वाट पाहिली असेल, हे त्यानेच सांगावे.

प्रश्न : फायबर आल्यावर केबल टीव्हीच्या जुन्या तांब्याच्या जाळ्याचे दिवस भरले. मग केबल कंपन्यांची कामे करणाऱ्या कंत्राटदारांचे भवितव्य काय?

उत्तर : जाळे जुने असले म्हणजे काम संपले असे नाही, उलट जुने जाळे टिकवायचे असेल तर त्याच्यावर काम करावेच लागते. केबल कंपन्यांच्या जाळ्यात घराकडून बाहेर जाणाऱ्या माहितीसाठी पूर्वी जेमतेम ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढीच वारंवारतेची पट्टी राखलेली असे. ती ८५ किंवा २०४ मेगाहर्ट्झपर्यंत रुंद करायची, आणि वरची मर्यादा १.२ किंवा १.८ गिगाहर्ट्झपर्यंत न्यायची, तर वाटेतील प्रत्येक ॲम्प्लिफायरला हात लावावा लागतो. संकेताचा जोर वाढवणारी, खांबांवरच्या तारेला लटकलेली ती धातूची पेटी असते. माणसाला तारेच्या उंचीपर्यंत उचलणाऱ्या बादलीगाडीतील तंत्रज्ञ पेटी उघडतो, आतील भाग बदलतो, दोन्ही बाजूंची संकेतपातळी मोजून जुळवतो आणि पुढच्या पेटीकडे जातो. तेवढा वेळ त्या रस्त्यावरची सेवा बंद असते. त्यामुळे किती पेट्या, कोणत्या रात्री, हे सगळे आधी ठरवावे लागते. केबलच्या तारेतून इंटरनेट देण्याच्या डॉक्सिस ४.० या मानकामुळे याच तारेतून सेकंदाला १० गिगाबिटपर्यंत माहिती घराकडे आणि ६ गिगाबिटपर्यंत बाहेर नेता येते, आणि नव्याने चर खणण्यापेक्षा हे केबल कंपनीला बरेच स्वस्त पडते.

कंत्राटदाराच्या दृष्टीने यात दोन गोष्टी आहेत. खणकाम नसल्याने मैलामागे मिळणारी रक्कम नव्या फायबरपेक्षा कमी. पण परवान्यांसाठी खोळंबून राहावे लागत नाही. दुसरे म्हणजे कामाची गती उपकरणांच्या पुरवठ्यावर ठरते. चार्टर या केबल कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये असाच तीन वर्षांचा कार्यक्रम जाहीर केला होता. त्याची मुदत नंतर पुढे न्यावी लागली. अशा वेळी प्रशिक्षित तुकड्यांना सांभाळून ठेवायचे की सोडून द्यायचे, हा निर्णय कंत्राटदाराला करावा लागतो, आणि दोन्हींची किंमत असते.

प्रश्न : मी निवृत्त अभियंता आहे. एका कंत्राटदार कंपनीचा समभाग एबिटडाच्या (व्याज, कर आणि घसारा वजा करण्यापूर्वीच्या नफ्याच्या) केवळ सहापट किमतीला मिळतो. मोठ्या, बहुउद्देशीय कंपन्या बारापटीच्या पुढे आहेत. ही स्वस्ताई नाही का?

उत्तर : तुलना सारख्यांची असावी. अशा मोठ्या कंपन्यांपैकी क्वांटा सर्व्हिसेसचा मुख्य धंदा वीजवाहिन्यांचा आहे. तिने आपल्या दूरसंचार उभारणी करणाऱ्या उपकंपन्या डिसेंबर २०१२ मध्ये २७.५ कोटी डॉलरना डायकॉमलाच विकल्या. मॅसटेकही तेल-वायू वाहिन्या आणि स्वच्छ ऊर्जा यांत पसरलेली आहे. वीजकंपनीचा खर्च नियामकाने मंजूर केलेल्या दरांतून वसूल होतो, म्हणून तो केबल कंपनीच्या खर्चाइतका वर-खाली होत नाही, आणि बाजार त्या स्थैर्याची जादा किंमत मोजतो. तिमाही पाहतानाही जपावे. डायकॉमचे वर्ष जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी संपते, त्यामुळे तिच्या शेवटच्या तिमाहीत हिम, सुट्ट्या आणि लहान दिवस एकत्र येतात; ती लगतच्या तिमाहीशी न ताडता मागील वर्षीच्या त्याच तिमाहीशी ताडावी.

एबिटडात घसारा वजा केलेला नसतो. सॉफ्टवेअर कंपनीत घसाऱ्याकडे काही काळ दुर्लक्ष करता येते. येथे मात्र घसारा म्हणजे खडकात झिजलेली छिद्रयंत्राची टोके आणि लाखो मैल धावून थकलेल्या बादलीगाड्या. त्या बदलल्या नाहीत तर पुढच्या वर्षी काम करता येत नाही. आपण पत्रासोबत पाठवलेल्या पानांवरून या कंपनीचा घसारा एबिटडाच्या जवळपास निम्मा आहे. तो वजा केला की आपली सहापट बारापट होते. शिवाय सहापट काढताना आपण फक्त समभागांचे बाजारमूल्य धरले आहे. ताळेबंदातील कर्ज बाजारमूल्याच्या एक-तृतीयांश आहे, ते मिळवले की कंपनीची किंमत घसारा वजा जाता नफ्याच्या सोळापट होते.